धुकं नव्हतं

त्या दिवशी धुकं नव्हतं.
हे वाक्य अकरा वर्षं दाढेखाली धरून
मी बोट चालवली,
चिलोएच्या या बेटावरून त्या बेटावर,
बटाट्याची पोती, शाळेची पोरं,
एकदा तर चर्चची आख्खी घंटा.

नोंदवहीत लिहिलंय : दाट धुकं. समोरचं दिसेना.
अक्षर माझंच. सुवाच्य.
खोटं लिहिताना माझं अक्षर सुधारतं
हे मला त्या रात्री कळलं.

दिसत सगळं होतं.
कोर्कोवादोच्या माथ्यावरचा बर्फ दिसत होता,
किनाऱ्यावर कुणाच्या तरी पिवळ्या चादरी वाळत होत्या,
आणि तो खडक,
ज्याच्या अंगावरून लहानपणी मी
टोपल्या भरभरून शिंपले खरवडले,
तो तर मला झोपेतही दिसतो.
मी खाली वाकून रेडिओचा काटा फिरवत होतो.
सामन्याची शेवटची मिनिटं.
खरखर, एका माणसाचा ओरडा, पुन्हा खरखर.
गोल कुणी केला, मला अजून माहीत नाही.
कधी विचारलं नाही.

सेगुंदो पुढे नाळीवर बसला होता
पोत्याला टेकून,
बायकोने बांधून दिलेलं उकडलेलं अंडं सोलत.
त्या महिन्यातल्या पाण्यात माणूस दहा मिनिटं टिकतो.
आम्हाला तो पंचविसाव्या मिनिटाला सापडला.
टरफलं फळीवर तशीच.

खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं होतं.
खलाशाच्या फोडावं, तर त्याला चार पोरं.
यंत्राच्या फोडावं, तर तपासनीस येऊन यंत्र उघडतो.
धुक्याला डोकंच नसतं.
आवाजसुद्धा झाला नाही.

मग ते धुकं वाढत गेलं.
पहिल्या वर्षी नुसतं माझ्या वहीत होतं,
तिसऱ्या वर्षी धक्क्यावर आलं. कुणी म्हणालं,
"त्या दिवशी मला माझाच हात दिसत नव्हता."
पाद्र्याने ते प्रवचनात घेतलं.
ओदुलिया, सेगुंदोची बायको,
दर हिवाळ्यात माझ्यासाठी मोजे विणून आणायची :
"तुझा काय दोष, नार्सिसो. धुकं होतं."
जाड लोकरीचे मोजे.
मी घालायचो. ऊब लागायची.
हेही सांगायला हवं.

परवा रविवारी सभागृहात
नव्या धक्क्याच्या वर्गणीवर वाद चालला होता.
मी उठलो. म्हणालो, धुकं नव्हतं.
मी बघत नव्हतो.

सन्नाटा वगैरे काही पसरला नाही.
"बस रे, दमलास तू."
"मी होतो ना तिथे! होतं धुकं."
"होतंच."
माझ्याच धुक्यात उभे राहून
ते मला समजावत होते,
पाठीवर हात ठेवून खुर्चीकडे नेत होते.
मी ओरडलो, मला पोटात घालू नका रे,
आधी बघा तरी, काय घालताय.

तेव्हा मागच्या बाकावरून यास्ना बोलली.
त्या वर्षी ती सहाची होती.
"चादरी पिवळ्या होत्या. आमच्याच.
कोंबड्या वर चढू नयेत म्हणून
आईने मला तिथे बसवलं होतं.
मी बोटीकडे बघून हात हलवला.
नार्सिसोकाकांनी वर बघितलं नाही."

ओदुलियाने सुया मांडीवर ठेवल्या.
माझ्याकडे बघितलं, खूप वेळ.
काही बोलली नाही.
बोलावं, असं मी मागणारही नाही.

आज पहाटे वही काढली.
नोंदवहीत गिरगटून खोडता येत नाही,
वडिलांनी शिकवलेलं :
एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही.
'दाट धुकं'वर रेघ मारली.
लिहिलं : आकाश निरभ्र. वारा हलका, नैऋत्येचा.
चूक माझी.
अक्षर वेडंवाकडं आलं.

बंदर कचेरी नऊला उघडते.
बाहेर आज खरोखरचं धुकं आहे.
हळू नेईन बोट.